प्रॉक्सीआडचे शेठ

कुणी तोंडावर शिव्या घातल्या, तर मी दोन ऐकवून मोकळी होते. पण तोंड लपवून चिखल फेकणाऱ्याला मी सोडत नाही.

नाशिकला घरी बसून मी कांद्याच्या भावाची वेबसाइट चालवते. कुठल्या बाजारात काय भाव फुटला ते शेतकरी फोन करून सांगतात, मी लगेच टाकते. मध्यंतरी खाली प्रतिक्रिया यायला लागल्या : 'ही बाई व्यापाऱ्यांना सामील आहे, भाव मुद्दाम पाडून दाखवते.' रोज नवं नाव. निम्म्या शेतकऱ्यांनी फोन बंद केले. एक जण तर म्हणाला, "कायतरी असल्याशिवाय लोकं बोलत नाय, ताई." अंगाचा तिळपापड झाला. भाव कळवणारेच गेले, तर साइट बंदच पडणार होती.

साइटवर कोण कुठून येतं त्याच्या नोंदी पाहिल्या, तर हा पाहुणा कधी जर्मनीतून, कधी सिंगापुरातून. जर्मनीत कुणाला कांद्याचं एवढं पडलंय! प्रॉक्सी वापरत होता मेला, म्हणजे दुसऱ्याच्या दारातून माझ्या घरात शिरत होता.

पण माझी साइट प्रत्येक ब्राउझरला एक नंबर देते. दार बदललं तरी तो बदलत नाही. शिव्या दुपारी, प्रॉक्सीतून. सकाळी लिलावाआधी मात्र तोच नंबर थेट यायचा. प्रॉक्सीतून पान हळू उघडतं, आणि शेजारच्या बाजारांचा भाव बघायचा असला की कांद्याच्या व्यापाऱ्याला अर्धं मिनिट दम निघत नाही.

थेट आला की इंटरनेटचा खरा पत्ता दिसतो, आणि तो मला पाठ होता. लासलगावच्या ज्या पेढीवर मी तीन वर्षं कॉम्प्युटर सांभाळला, तिथला. आता त्या कॉम्प्युटरला हात लावणारे पेढीचे मालक शेठ एकटेच. मला 'पोरी' म्हणायचे. माझ्यामुळे शेतकऱ्याला भाव कळतो आणि यांना पाडून मागता येत नाही, एवढंच दुखणं.

दुसऱ्या सकाळी फक्त त्या नंबराला वेगळं पान दाखवलं : त्यांच्याच सगळ्या प्रतिक्रिया, वर पेढीचं नाव. पाच मिनिटांत फोन.

"पोरी, घरातलं घरात ठेव. चहाला ये."

"चहा राहू द्या, शेठ. खोटं लिहिलं होतं, असं स्वतःच्या नावाने लिहा. नाहीतर उद्या हेच पान सगळ्यांना दिसेल."

लिहिलं. शेतकऱ्यांचे फोन परत सुरू झाले. महिन्याभराने शेठ काकुळतीला आले, "लोक तोंडावर हसतात गं, आता तरी काढ."

"बघते," मी म्हणाले. रोज सकाळी भाव टाकला की त्यांची कबुली मी पुन्हा सगळ्यात वर सरकवते. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?