नवसाबाईच्या डब्या

२००६ चा पावसाळा सरला आणि सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावर नवसाबाईला नवंच काम मिळालं. घरोघरच्या माणसांची नि गुरांची विष्ठा डब्यांत भरून घ्यायची आणि हगवणीच्या तपासासाठी नाशिकच्या प्रयोगशाळेला द्यायची. "आली बघा शेणाची मामलेदारीण," बाया म्हणायच्या. "हसा, पण डबी भरून द्या," ती म्हणे. तिला अक्षर येत नव्हतं. म्हणून प्रत्येक घराची पिशवी वेगळी. तीत माणसाच्या डबीला लाल दोरा, जनावराच्या डबीला काळा.

तिचा जीव मात्र स्वतःच्याच घरच्या पिशवीत अडकला होता. चार वर्षांचा नातू साई हगवणीनं वाळत चालला होता. घरात बांधलेल्या वासराचीच ही बाधा, असं मुलगा गोटीराम म्हणे. येत्या बाजारी गाय-वासरू विकायचं ठरलंही होतं. गाय गेली की साईचं दूधही जाणार होतं.

बाजाराच्या सकाळी प्रयोगशाळेतली मंजुषा जीपमधून उतरली ती धावतच.

"मावशी, भिंगाखाली जंतू सारखेच दिसतात. जनुकं तपासली तेव्हा कुळं वेगळी निघाली. एका डबीत गुरांतलं कूळ, दुसरीत माणसांतलं. पण तुमच्या दोन्ही डब्यांना दोरा काळाच. साईची कोणती?"

नवसाबाई दाराकडं वळली. साईच्या डबीत गुरांचं कूळ निघालं, तर गोटीराम खरा ठरणार होता.

"रोशनी, डब्या कुणी बांधल्या गं?"

सून दारात आली. "मीच, आत्या. आजारी पोराला लाल कसा बांधू? नजर लागंल. त्याच्या करदोड्याचाच तुकडा बांधला."

मंजुषानं दोन्ही डब्या ओट्यावर ठेवल्या. एकीला शिवणाचा बारीक दोरा, दुसरीला जाड, पीळदार.

"ही साईची," रोशनीनं जाड दोऱ्यावर बोट ठेवलं.

मंजुषानं डबीवरचा आकडा कागदाशी ताडला, पुन्हा ताडला. "माणसांतलं कूळ. मावशी, वासराचा काही संबंध नाही. खात्रीला आज नवा नमुना नेते. पण हा जंतू माणसाच्याच विष्ठेतून पाण्यात उतरतो. पाणी कुठलं पिता?"

"खालच्या झिऱ्याचं," सोडलेल्या गाईचं दावं धरून उभा गोटीराम म्हणाला आणि वर उताराकडं पाहू लागला. झिऱ्याच्या वरच्या त्या उतारावरच सगळा पाडा परसाकडे जात असे.

खालून बाजाराच्या पिकअपनं हॉर्न दिला. गोटीरामनं गाईचं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं आणि हाक घातली, "जा रे पुढं, आमची गाय नाय येत."

नवसाबाईनं तोवर हंडा चुलीवर चढवला होता. तोंड थांबत नव्हतं. "रोशनी, लाकडं सार. पोराला आजपासून उकळलेलंच. मी पाडाभर सांगून येते."