चोवीस हजारांची सायकल

सायकल विकायची ठरल्यावर मी आधी कंपनीतल्यासारखा तपासणीचा कागद तयार केला. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंगचे ओतीव भाग उलटसुलट करून कुठं केसाएवढी भेग दिसते का ते बघायचं, हे माझं काम. फ्रेम, चाकं, गिअर, ब्रेक, आवाज असे रकाने पाडले आणि प्रत्येकापुढे 'ओके' लिहीत गेलो. 'आवाज'पुढे पेन जरा अडखळलं, पण तिथंही ओके लिहिलं.

बारीक टायरची, वाकड्या हँडलची ती रोड बाईक मी आठ वर्षांपूर्वी हौसेनं घेतली होती. आता तिची किंमत काय धरायची, हे कुणी धड सांगेना. मोबाईलवर लोक तसल्याच सायकलीला पस्तीस हजार मागत होते, पण जाहिराती महिनोन् महिने तशाच पडून. काळेवाडीतल्या सायकलवाल्यानं टायर दाबून पाहिला आणि म्हणाला, "पंधरा. ही काय स्कूटर हाय का राव, रिसेल असायला?" मी घसारा काढला, नव्या टायरचे वाढवले, रंग उडालाय त्याचे कमी केले आणि आकडा बरोबर चोवीस हजारांवर आणून सोडला. खरं सांगायचं तर उत्तर आधीच ठरलेलं होतं. आईच्या दोन्ही कानांच्या मशिनची किंमत चोवीस हजार होती.

आई लातूरकडची. इकडे आल्यावर तिनं पत्रे ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं पॅकिंग केलं आणि त्या धाडधाडीत कान गेले. गेली दोन-तीन वर्षं तिनं बोलणंच सोडलं होतं; काही विचारलं की नुसती हसायची. ते हसणं मला सहन व्हायचं नाही. दवाखान्यानं आठवडाभर वापरून बघायला मशिनं दिली होती. सोमवारी पैसे भरायचे, नाहीतर मशिनं परत. ओव्हरटाइम बंद होऊन सहा महिने झाले होते आणि घरात विकण्यासारखी ही एक सायकलच होती.

त्या आठवड्यात आईचा थाट काय सांगू! कुकरच्या शिट्ट्या मोजायची. शेजारणीशी जिन्यात गप्पा मारायची आणि त्या मला तिखटमीठ लावून सांगायची. जेवायला मी नेहमी तिच्या डावीकडे बसतो. मी फार मचमच करत खातो, हेही तिनं तोंडावर सुनावलं. मला हसू यायचं आणि लगेच सोमवार आठवायचा.

शनिवारी चऱ्होलीचा एक माणूस सायकल बघून गेला. गल्लीत एक चक्कर मारून म्हणाला, "चोवीस तर चोवीस. उद्या सकाळी येतो घ्यायला. मला रोज चाकणला जायचंय हिच्यावर." माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी मी सायकल पुसत होतो. आई पायरीवर लसूण सोलत बसली होती. सहज म्हणून ब्रेक दाबून मी एका पेडलवर उभा राहिलो.

"काय करकरायलंय रे?" आई म्हणाली.

"काही नाही, पेडल आहे."

"पेडल न्हाई ते. खालून यायलंय. परत कर बरं."

वर्षभर मी त्या आवाजाला पेडलच म्हणत होतो. तेल घातलं, पेडल आवळलं, मग कानाला सवय झाली. केसाएवढ्या भेगेपायी दुसऱ्यांचा माल परत पाठवणारा मी! भेगा शोधायला वापरतात त्या लाल रंगाचे, म्हणजे डायचे, कंपनीनं टाकून दिलेले डबे घरी पडून होते. पेडलपाशी जिथं नळ्या जुळतात तिथला रंग घासला, लाल डाय मारली, थांबून पुसली आणि वर पांढरा फवारा मारला. भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर उमटतो. देवा, उमटू देऊ नकोस, असं म्हणत मी उकिडवा बसलो. पाचेक मिनिटांत बोटाएवढी लाल रेघ वर आली.

ती पुसून वर रंगाचा हात मारला असता तर कुणाला कळलं नसतं. कापड मी हातात घेतलंही होतं. अर्ध्या तासात गिऱ्हाईक दारात येणार होतं. पण तो माणूस रोज कंटेनरच्या बाजूनं ही सायकल चालवणार होता, आणि ही रेघ कधी तुटेल ते मलाही सांगता आलं नसतं. मी फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलं भाऊ. चाकं, गिअर धड असलं तर माझ्या जुन्या सायकलीला घेतो. बारा देईन."

कुणी परत वापरू नये म्हणून फ्रेम मी करवतीनं मधोमध कापूनच भंगारात दिली.

आईला सांगितलं, की आता एकाच कानाचं येईल. ती लसणाची टरफलं गोळा करत म्हणाली, "मी उगंच बोलले का रे?" "नाही गं," म्हणत मी टरफलं तिच्या हातातून घेतली.

सोमवारी दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "आजी, दोन्ही कान सारखेच गेलेत. कुठल्या कानाला ठेवू?"

आईला विचार करावा लागला नाही.

"डाव्या. लेकरू जेवायला तिकडंच बसतंय."