निळी वॅगन आणि बिनआवाजाची गाडी

आमची जुनी छोटी गाडी बारा वर्षांची झाली तेव्हा नवी घ्यायचं ठरलं, आणि त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत आहे. पोलादाचे नमुने तपासता तपासता माझा डावा पाय टेबलाखाली आपोआप क्लच दाबायचा. समोर बसणाऱ्या सहकारी बाईंनी एकदा विचारलंही, पाय दुखतो का म्हणून. मी हो म्हणाले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडीचं वेड लागलंय हे सांगणार कसं?

आमच्या घरात गाडी मीच चालवते. नवऱ्याला सकाळी भिलाई नगर स्टेशनवर सोडते, तिथून ते मेमू लोकलने दुर्गला जातात. रेल्वेत ओव्हरहेड वायरच्या विभागात आहेत. सासूबाईंना दवाखान्यात नेणं, मुलीला रायपूरच्या कॉलेजातून आणणं, दर एक-दोन महिन्यांनी नागपूरला जाणं, सगळं माझ्याकडे. पूर्वी असं नव्हतं. सात वर्षांपूर्वी खुर्सीपारच्या रस्त्यावर, शिफ्ट सुटायच्या वेळी, नवरा एका ट्रकला ओव्हरटेक करत होते. समोर एक सायकलवाला आला. ब्रेक लागला, पण तो पडलाच. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. पुढे तो बरा झाला, आमच्या घरी येऊन चहासुद्धा पिऊन गेला, चूक माझीच होती म्हणाला. पण नवऱ्यांनी त्यानंतर किल्लीला हात लावला नाही. ओव्हरटेक करताना इंजिनचा चढलेला आवाज अजून कानात आहे, एवढंच ते एकदा बोलले होते. मग मीही तो विषय काढला नाही.

तर दोन गाड्या होत्या. पहिली मुलीने फोनवर शोधली. रायपूरच्या एका डॉक्टरांची निळी स्टेशन वॅगन. पुढून साध्या कारसारखी बुटकी आणि मागे छप्पर थेट डिक्कीपर्यंत गेलेलं. पेट्रोलची, टर्बो इंजिनाची, हाताने गिअर टाकायची. अशी गाडी आपल्याकडे दिसतच नाही. डॉक्टर परदेशात मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते म्हणून विकत होते. दुसरी नवऱ्यांनी काढली. उंच, घरातल्या सगळ्यांना ऐसपैस बसता येईल अशी प्लग-इन हायब्रीड एसयूव्ही. फोनसारखी घरी चार्जिंगला लावायची, गावातलं रोजचं फिरणं विजेवर, आणि लांब जायचं असेल तेव्हा पेट्रोलचं इंजिन आहेच. विजेच्या माणसाला विजेची गाडी आवडणार, त्यात नवल नव्हतं. जुनवानीतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये प्लग कुठे बसवायचा याची खूणसुद्धा त्यांनी खडूने भिंतीवर करून ठेवली होती.

एका रविवारी सकाळी डॉक्टर स्वतः वॅगन घेऊन आले. सत्तरीचे, बारीक, डोक्यावर सगळे पांढरे केस. किल्ली माझ्या हातात देऊन ते बाजूच्या सीटवर बसले, मागे नवरा आणि मुलगी. दुर्ग ओलांडून राजनांदगावच्या दिशेने मोकळा रस्ता लागला तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले की आता तिसरा गिअर टाका आणि जरा दाबा. मी दाबलं. गाडीने क्षणभर श्वास घेतल्यासारखं केलं आणि मग पाठ सीटला चिकटली. वळणावर ती रस्त्याला अशी धरून राहिली की मला हसू फुटलं. खरंच मोठ्याने हसले मी. लग्नाआधी वर्ध्याला मावशीच्या स्कूटरवरून कॉलेजला जायची तेव्हा असं हसायची. मुलगी मागून "मम्मी, और थोडा!" म्हणत होती. आरशात पाहिलं तर नवऱ्यांनी खिडकीवरचं हँडल धरलं होतं आणि डोळे मिटले होते. मी पाय काढला.

घरी आल्यावर मात्र ते म्हणाले की गाडी उत्तम आहे. मनापासून म्हणाले. माझी खात्रीच झाली, वॅगन येणार. सोमवारी प्लांटमध्ये मी पार्किंगच्या जागेची लांबी पावलांनी मोजून आले.

दुसरी गाडी पाहायची ती केवळ नवऱ्यांचं मन राखायला. पुढच्या शनिवारी रायपूरला शोरूममध्ये गेलो. सासूबाईही आल्या. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. पण त्या पायरीवर पाय ठेवून कुणाचा हात न धरता आत चढल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. मी चालवायला घेतली. गाडी चांगली होती, आरामाची होती, पण माझ्या अंगात काही सळसळलं नाही. दिवाणखान्यासकट रस्त्यावर निघाल्यासारखं वाटलं. नाही कसं म्हणायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते.

परतताना एका रिकाम्या सर्व्हिस रोडवर बरोबर आलेल्या सेल्समनने गाडी थांबवायला सांगितली. डिक्की आणि चार्जिंगची जागा दाखवायची होती. मी आणि मुलगी मागे गेलो. सगळं पाहून पुढे आले तर माझ्या जागेवर नवरा बसले होते.

त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. सेल्समनला आमचं काहीच ठाऊक नव्हतं. तो त्यांना सहजपणे बटण दाखवत होता, ब्रेकवर पाय ठेवा, हे दाबा. मी आणि मुलगी मागे बसलो. गाडी सुरू झाली की नाही हेही कळलं नाही. नुसती सरकली, घाटावरून नाव सुटावी तशी. सासूबाई समोर बघत होत्या, पण त्यांचा हात मांडीवर घट्ट मिटलेला होता. मुलीने माझं बोट धरलं. नवऱ्यांनी सर्व्हिस रोडच्या टोकापर्यंत नेली, वळवली, एक बैलगाडी पुढे होती तिच्यामागे शांतपणे थांबले, मग बाजूने पुढे काढली. चार-पाच किलोमीटर असतील. शोरूमच्या दाराशी थांबल्यावरही त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

"आवाज नाही याले," ते म्हणाले. "म्हणून मले समोरचं दिसून राहिलं."

वॅगन त्या क्षणी माझ्या मनातून उतरली. उतरली म्हणजे आवडेनाशी झाली नाही, नुसती दूर झाली.

पण घरी येऊन मी एसयूव्ही घेऊ म्हटलं, तर नवरा वॅगनवर अडून बसले. त्यांचं म्हणणं, गाडी चालवणार तू, सात वर्षं कुरकुर न करता तू सगळ्यांची ने-आण केलीस, तर आता तुझ्या आवडीची गाडी यावी. मी म्हटलं, आवडीचं काय घेऊन बसलात. ते म्हणाले, त्या दिवशी तू हसलीस ते मी ऐकलं होतं, डोळे मिटले होते, कान नाही. एरवी माणसं आपापल्या गाडीसाठी भांडतात, आम्ही दुसऱ्याच्या गाडीसाठी भांडत होतो, आणि दोघांचेही चेहरे हसरे होते. मुलगी म्हणाली, "तुम दोनों का कुछ नहीं हो सकता," आणि तिने सरळ आजीला बोलवून आणलं.

सासूबाई खुर्चीत बसल्या. दोघांचं ऐकून घेतलं. मग मुलाकडे वळल्या.

"एक सांग मले. ते निळी आणली त तू चालवशील?"

"नाही," नवरा म्हणाले.

"आन् हे दुसरी?"

"चालवीन."

"मंग बोलाचं काय राह्यलं?"

खरंच काही राहिलं नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला आणि का घेत नाही ते सगळं सांगितलं, अपघातासकट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले की गाडी विकली जाईपर्यंत एकदा येऊन पुन्हा चालवून जा, माझी हरकत नाही. मी संकोच करायला हवा होता. केला नाही. पुढच्याच रविवारी रायपूरला गेले आणि त्या निळ्या गाडीतून एकटीने तासभर फिरून आले. काचा उघड्या, केस विसकटलेले, गिअर माझ्या हाती. किल्ली परत देताना गाडीच्या छपरावर हात फिरवला. डॉक्टरांनी तिकडे पाहायचं टाळलं. त्यांनाही ती सोडवत नसावी.

महिन्याभरात एसयूव्ही घरी आली. सासूबाईंनी चाकाखाली लिंबं ठेवली, मुलीने बोनेटवर हळदीकुंकवाने वेडंवाकडं स्वस्तिक काढलं, आणि पोर्चमध्ये प्लग लावताना नवरा एखादी मालगाडी सोडत असल्यासारखे गंभीर होते. चार दिवस रोज सकाळी त्यांनीच मला प्लांटच्या गेटवर सोडलं. पाचव्या दिवशी नागपूरला निघालो.

राजनांदगाव मागे पडलं, देवरीचं जंगल आलं. वीज संपून इंजिन सुरू झालं तेव्हा मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. आवाज हलकाच होता, पण होता. त्यांनी मान किंचित तिरपी केली, ऐकलं आणि चालवत राहिले. मग मी खिडकीबाहेर बघायला लागले. सात वर्षांत या रस्त्याने किती वेळा गेले असेन, पण डोळे कायम समोर. रस्त्याच्या कडेला इतकी मोहाची झाडं आहेत हे मला माहीतच नव्हतं. झाडांमागे एक तळं होतं, त्यात कमळं होती आणि पाण्याच्या काठाला एक बाई तांब्याची घागर घासत होती. मी मुलीला दाखवेपर्यंत ते मागे गेलं.

साकोली आल्यावर मी म्हटलं, दमला असाल, आता माझ्याकडे द्या.

"भंडाऱ्यापर्यंत राहू दे न," ते म्हणाले. "वैनगंगेच्या पुलावरून मले गाडी काढायची आहे."

मी चप्पल काढली, पाय सीटवर घेतले आणि चिवड्याचा डबा उघडला.