आमची बुधवारची परोपकारी प्रार्थना

प्रार्थनेला डोळे मिटून बसतात. कान मात्र मिटता येत नाहीत, आणि माझ्या मते सगळे किस्से तिथूनच आत शिरतात. मी परळला मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शतक संपत आलं होतं, ट्रामला अजून घोडे होते, आणि दर बुधवारी संध्याकाळी चाळीतल्या राहेलबाईंच्या खोलीत आमची प्रार्थनेची मीटिंग भरायची. ऐकायचं नाही असं ठरवून बसले, तरी एका उन्हाळ्यात इतकं साठलं की लोणच्याच्या बरणीला झाकण लागू नये तशी माझी गत झाली.

*

त्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी नियम काढला. पाळकसाहेब गिरगावात राहायचे आणि आमच्याकडे घाम पुसत पोचायचे. म्हणाले, "स्वतःसाठी मागणं आजपासून बंद. या खोलीत फक्त दुसऱ्यांसाठी प्रार्थना होईल."

नियम फार सुंदर होता. फक्त दुसऱ्यासाठी काय मागायचं ते कुणालाच सुचेना.

आधी राहेलबाई सावरल्या. त्या एका जुन्या उपदेशकाच्या विधवा, आणि मंडळीत त्यांचा शब्द पाळकांच्याही वरचा. त्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, आमच्या रूथला नम्रता दे. चार बुकं शिकलं की मुलींच्या माना ताठ होतात, हे तू जाणतोस."

रूथ म्हणजे मी. त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

मग माझी पाळी आली. मी म्हटलं, "हे प्रभू, राहेलबाईंना उदंड आयुष्य दे, आणि अधूनमधून त्यांच्या घशाला विसावा दे."

पाळकसाहेबांनी दोन्हींवर सारखंच "आमेन" म्हटलं. त्या दिवसापासून नियम सगळ्यांना आवडायला लागला.

*

शिमोनराव रेल्वेच्या कारखान्यात क्लार्क होते. माणूस टापटिपीचा, सगळं जिथल्या तिथं हवं. त्यांची बायको मार्थाबाई तशी शांत, पण एकदा अबोला धरला की मागे हटायची नाही. मे महिन्यात आमटीत मीठ जास्त झालं आणि दोघांचं बोलणं बंद पडलं.

घरात बंद पडलं, पण बुधवारी सुरू राहिलं.

शिमोनराव म्हणाले, "परमेश्वरा, माझ्या पत्नीला पहाटे उठण्याचं बळ दे, म्हणजे तिच्या पतीला ऑफिसात शिळं खावं लागणार नाही."

मार्थाबाईंनी पदर सावरला. "परमेश्वरा, काही पुरुषांना जेवताना जीभ चाखण्यापुरतीच वापरायची बुद्धी दे."

पुढच्या बुधवारी शिमोनरावांनी स्वतःच्या सासूसाठी प्रार्थना केली. तिनं मुलीला लहानपणी जे शिकवायचं राहून गेलं, त्याची तिला क्षमा व्हावी म्हणून. त्यावर मार्थाबाईंनी शिमोनरावांच्या तिन्ही बहिणींसाठी नावनिशीवार क्षमा मागितली. मागताना प्रत्येकीचा अपराधही सांगितला, देवाला शोधत बसायला नको.

शेवटी देवच कंटाळला असावा. एका बुधवारी येताना दोघं रस्त्यातच भांडत आली. राहेलबाई हळूच म्हणाल्या, "चला, बोलायला लागली. प्रार्थना फळाला आली."

*

आमच्या शाळेची मुख्य एक विलायती मिससाहेब होती. स्वभावानं चांगली. दर उन्हाळ्यात माथेरानला जायची. जाताना सांगून गेली, "प्रवास कठीण आहे. माझ्या प्रकृतीसाठी प्रार्थना करा."

आम्ही केली. खोली पश्चिमेची, भिंती तापलेल्या, वर पत्रा, समोर गिरणीचा भोंगा. घाम हनुवटीवरून टपटप पडतोय, आणि राहेलबाई म्हणताहेत, "हे प्रभू, मिससाहेबांना तिथं थंडी बाधू नये."

जूनमध्ये मिससाहेब गुलाबी होऊन परत आली. आमचे हात हातात घेऊन म्हणाली, "मी पण रोज डोंगरावर प्रार्थना करत होते, तुम्हाला उष्मा होऊ नये म्हणून."

तिची पाठ वळल्यावर मार्थाबाई म्हणाल्या, "बघा, आपली प्रार्थना घाट चढून वर गेली. त्यांची उतार असून खाली आली नाही."

*

राहेलबाईंच्या शेजारच्या खोलीत भागीरथी राहायची. रत्नागिरीकडची, नवरा गिरणीत. तिची सासू तापानं पडली होती आणि तापात एकसारखा आंबा मागत होती. उन्हाळ्यात दार उघडंच असायचं, त्यामुळे हे आम्हाला आपसूक कळलं.

म्हातारीसाठी त्या दिवशी फार भरदार प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी तर तिच्यासाठी जीवनाच्या झाडाचं फळ मागितलं. तेवढ्यात मार्थाबाईंनी माहेरून आलेली पायरीची करंडी उघडली, आणि आमेननंतर आम्ही सगळे आंबे चोखत बसलो. पाळकसाहेबांच्या दाढीला रस लागला होता.

भागीरथी दारात उभी राहून बघत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "प्रार्थना फुडं गेली ना? मग तिच्या मागनं दोन आंबे धाडा. म्हातारीला दात नायत, प्रार्थना चाववत नाय तिला."

करंडी उचलून मार्थाबाईंनी तिच्या हातात दिली. नंतर त्या बुधवारी कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही.

*

शाळा उघडली. नव्या पाट्या, तेल चोपडलेल्या वेण्या, आणि सुट्टीत सगळं विसरून आलेल्या मुली. मी विचार केला, पाळकसाहेबांचा नियम चांगला आहे, मुलींनाही लावावा. म्हटलं, "आज प्रत्येकीनं दुसऱ्या कुणासाठी तरी काही मागायचं."

पहिल्याच बाकावरची यमुना उभी राहिली. हात जोडले, डोळे घट्ट मिटले. "देवा, आमच्या बाईंना थोडा ताप येऊ दे, म्हणजे त्या घरी निजतील आणि त्यांना आराम मिळेल."

मी "आमेन" म्हटलं. नियमात बसत होतं.

*

आता सगुणाची गोष्ट. सगुणा माझी सगळ्यात हुशार मुलगी. गणितात मी फळ्याकडे वळायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. शाळा उघडली आणि ती आली नाही. राहेलबाईंच्या समोरच्याच चाळीत राहायची, म्हणून जाता-येता दिसायची. काखेत धाकटा भाऊ, आणि नजर आमच्या दाराकडे. तिच्या बापानं, धोंडूनं, ठरवलं होतं की शाळा पुरे. पोर चालायला लागेपर्यंत त्याला सांभाळायचं आणि मग गावाकडे लग्न लावून द्यायचं. नवरामुलगा बघूनही ठेवला होता. मुलगा कसला, मिशीवाला बिजवर.

मी बुधवारी हे सांगितलं. सगळ्यांना खरंच वाईट वाटलं. राहेलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात उंच केले आणि चाळ ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "हे प्रभू, या धोंडूच्या काळजाला हात घाल!"

मी म्हटलं, "राहेलबाई, समोरच तर राहतो. आपण जाऊन बोलू या का?"

"रूथ," त्या म्हणाल्या, "देवावर सोपवलंय ना आपण? मग मधे पडणं हे अविश्वासाचं लक्षण."

शिमोनरावांनाही ते पटलं. त्यांना त्या चाळीचा जिना पटत नव्हता. मग मी एकटीच गेले. धोंडूनं मला बसायला पाट दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बगू." बघू म्हणजे नाही, हे मला कळत होतं. सगुणा चुलीपाशी पाठ करून बसली होती. एकदाही वळली नाही.

त्यानंतर दर बुधवारी आमचं तेच. कुणी आजारी असो, कुणी मरो, शेवटी धोंडू यायचाच. "धोंडूच्या काळजाला हात घाल." "धोंडूची झोप उडव, प्रभू." "धोंडूला तुझ्यापासून कुठं लपता येऊ नये." पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत तर धोंडूचं काळीज दगडाचं काढून मांसाचं बसवायची विनंती असायची. आणि भागीरथी, जी धोंडूच्याच गावची, ती शेजारी बसून तांदूळ निवडत सगळं ऐकत असायची.

श्रावणातला एक बुधवार. आम्ही डोळे मिटले आणि दारात कुणीतरी खाकरलं. धोंडू उभा होता. गिरणीतून तडक आलेला, डोक्याला कापूस चिकटलेला, एक पाय ओढत. एका हातानं सगुणाला पुढे धरलं होतं. आत येईना. उंबऱ्याबाहेरच खाली बसला.

"बाय," तो राहेलबाईंना म्हणाला, "मी तुमचं काय वाकडं केलंय?"

राहेलबाई गोंधळल्या. "काही नाही रे बाबा."

"मग दर बुधवारी देवाला माज्या नावानं गाऱ्हानं का घालताव? भागीरथीनं सांगितलं मला. गावाला असं कुनाच्या नावानं गाऱ्हानं घातलं की तो मानूस उठत नाय. तवापास्नं माजं ढोपर सुजलंय. झोप उडालीय. काळीज तर असं धडधडतंय, की गिरनीतल्या मागावर ध्यान लागत नाय."

पाळकसाहेब पुढे सरकले. "अरे, हे तुझ्या भल्यासाठीच होतं. हे प्रेमानं—"

"असंल," धोंडू म्हणाला. "पर आता पुरे करा. ही घ्या पोरगी. उद्यापास्नं शाळंत येल. पोराला माजी आय सांबाळंल, गावास्नं आनतो तिला. सोयरीक मोडली मी, निरोप धाडलाय. माजं नाव तेवढं खाली ठेवा."

सगुणा माझ्याजवळ येऊन बसली. मी तिचा हात धरून ठेवला.

राहेलबाईंनी डोळे पुसले. "पाहिलंत? प्रभूनं ऐकलं."

"ऐकलं, ऐकलं," धोंडू घाईनं म्हणाला. उठला, आम्हाला हात जोडले आणि लंगडत निघाला. गॅलरीतून दोन पावलं गेला असेल, तसा थांबला. परत आला. आता उंबऱ्याच्या आत आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आता माजी जागा मोकळी झालीच हाय, तर... आमच्या खात्यावर एक मुकादम हाय."

पाळकसाहेबांनी काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी शिमोनराव, डोळे अजून मिटलेलेच, म्हणाले, "पूर्ण नाव सांगा."