चादरींच्या गावाचं नाव

तमिळनाडूतल्या गोबी गावच्या कालव्यावर सिनेमावाले उतरले की गर्दीत नाचम्माळ असायचीच. बावीस वर्षांत ती पाण्याला गेली, छाती पिटून रडली, प्रेतामागून चालली, कितीतरी नायकांच्या लग्नांत जेवली. पण पडद्यावर तिच्या तोंडून एक शब्द कधी निघाला नव्हता. घरी मात्र तिची टकळी थांबत नसे.

आणि यंदा तिला चक्क वाक्य मिळालं! सिनेमा गोऱ्या साहेबाच्या काळातला. तुरुंगातून सुटलेला विणकर बैलगाडीतून गावात येतो, कालव्यावरची म्हातारी त्याला ओळखून ओरडते, आणि ती हाक ऐकून नायिका हातमाग सोडून धावत सुटते. ती म्हातारी म्हणजे नाचम्माळ. गावभर सांगून झालं, लेकीला निरोप गेला. वाक्य काय आहे, ते विचारायचंच राहिलं.

वाक्य होतं, "चेन्निमलै आला गं!"

झाली पंचाईत. सिनेमातल्या विणकराचं नाव चेन्निमलै, आणि तिच्या नवऱ्याचंही तेच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं आईने सांगितलेलं, ते तिने चव्वेचाळीस वर्षं पाळलं होतं. त्यात लेक दिली तीही नेमकी चेन्निमलै गावात. बसमध्ये ती म्हणायची, "चादरी विणतात ना, त्या गावाची दोन द्या." कंडक्टर मुद्दाम विचारायचा, "कुठलं म्हणालात, अम्मा?" मग ती खिडकीबाहेर बघायची.

कॅमेरा सुरू झाला. नाचम्माळ हात उंचावून ओरडली, "दैवानैचे अप्पा आले गं!"

"ही दैवानै कोण?" दिग्दर्शक कदिरेसनने कपाळाला हात लावला.

"माझी लेक," ती खालमानेने म्हणाली. सगळे हसत सुटले.

पुढच्या खेपेला "आमचे हे आले" झालं. कदिरेसन वैतागला. "अम्मा, आता शेवटचं. नाही जमलं तर वाक्य तंगमणीला."

तंगमणी शेजारीच कळशी घेऊन उभी होती. तिने लगेच पदर सारखा केला. बावीस वर्षांनी आलेलं वाक्य डोळ्यांदेखत चाललं होतं.

गाडी हाकायला खुद्द तिचा नवराच होता. बैल त्याचे, म्हणून सिनेमावाल्यांनी त्यालाच बसवलेलं. कासरा ओढून तो म्हणाला, "अगं, घे की नाव. त्र्याहत्तर झाली मला. आता घटून घटून किती घटणार?"

"तुम्ही गप्प बसा!"

तिसऱ्यांदा गाडी वळणावर आली. नाचम्माळने डोळे मिटले, मनात मुरुगन देवाची माफी मागितली आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "चेन्निमलैऽऽ आला गं!"

"ओ!" गाडीवरून म्हाताऱ्याने ओ दिली.

कदिरेसनने टोपी जमिनीवर आपटली. "अय्या, तुम्ही कशाला बोललात?"

"चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हाक मारली हो तिने." म्हातारा अजून तिच्याकडेच बघत होता. "ओ कशी नाही देणार?"

मग म्हाताऱ्याने पंचा तोंडात धरला, नाचम्माळने पुन्हा हाक मारली, आणि या वेळी साधलं.

दुसऱ्या दिवशी दोघं लेकीकडे निघाली. बातमी कंडक्टरपर्यंत आधीच पोचली होती. "अम्मा, आता सांगा बघू, कुठलं तिकीट?"

"चादरींच्या गावाची दोन."

"अगं, आता कसली लाज?" नवरा हसला.

"लाज कसली? काल दोनदा घेतलं, तेवढं पुरे," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला तुम्ही अजून हवे आहात."