दोनच मिनिटं की, सायेब!

भाद्रपदातली अविधवा नवमी होती, आणि मला अकरा वाजता ऑफिसातून निघायचेच होते...

१९७०च्या दशकातली ही गोष्ट. सोलापुरातल्या एका सूतगिरणीत मी इंग्रजी पत्रव्यवहार पाहत असे. माझ्या पत्नीचे, कुमुदचे, वर्षश्राद्ध होऊन गेले होते आणि त्यानंतरची ही पहिलीच नवमी.

नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रीसाठी त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. शेजारच्या जोशीवहिनींनी स्वयंपाकाचे आणि सवाष्ण म्हणून बसण्याचेही मान्य केले होते. साडी मी स्वतः आणली होती... प्रथमच एकट्याने दुकानात जाऊन. रंग बरा आहे का, हे विचारायला शेजारी कोणी नव्हते.

पूर्ण दिवसाची रजा मिळाली नव्हती, कारण दोन पत्रे दुपारच्या टपालाने जाणे आवश्यक होते. लवकर यावे, दोन्ही टाइप करावीत आणि निघावे, असे मी ठरवले होते. हे ठरवताना मी माझे सहकारी विचारात घेतले नव्हते.

मी बी. ए. असल्यामुळे सगळे मला ‘बीयेसाहेब’ म्हणत आणि त्या पदवीचा मोबदला माझ्याकडूनच वसूल करत. कोणाला अर्ज हवा, कोणाला तार, कोणाला मुलाचा इंग्रजी निबंध... उपाय म्हणून मी टेबलासमोरची खुर्ची उचलून गोडाऊनमध्ये नेऊन ठेवली होती. परिणाम एवढाच झाला की लोक बसण्याऐवजी टाइपरायटरवर कोपर टेकून उभे राहू लागले.

त्या सकाळी पहिले आले अकाउंट्सचे शिंदे. त्यांना मेहुण्याच्या लग्नासाठी रजा हवी होती.

“पण बीयेसाहेब, अर्जात लग्न आहे असं कळायला नको. गंभीर काहीतरी वाटलं पाहिजे.”

मी त्यांना ‘अपरिहार्य कौटुंबिक कारण’ इंग्रजीत करून दिले. ते समाधानाने गेले आणि लगेच परत आले. “हे अपरिहार्य म्हणजे... कुणी वारलं असं नाही ना वाटणार?”

मी दात आवळून अर्ज पुन्हा टाइप केला. त्यानंतर आणखी दोघे आले. माझे दुसरे पत्र मशीनमध्ये अर्धवट अडकून पडले होते आणि घड्याळ पुढे सरकत होते.

कसेबसे ते पूर्ण करून सह्या घेऊन आलो, तर दारात जोशी उभे. सायकल दामटत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. जेऊरला त्यांचे चुलते वारल्याची बातमी नुकतीच आली होती... त्यांच्या घराला सुतक लागले होते. “स्वयंपाक बातमीच्या आधीच झालाय, त्याची काळजी नको. पण आता हिला सवाष्ण म्हणून बसता यायचं नाही हो,” असे अपराध्यासारखे सांगून ते गेले.

मी खुर्चीत बसलो. माझे नातलग सगळे पुण्याकडे. तासाभरात गुरुजी येणार होते, आणि कुमुदच्या नावाचे पान रिकामे राहणार होते. ऑफिसात एवढी माणसे होती, पण कोणाजवळ काही मागण्याची मला सवयच नव्हती.

नेमका त्याच क्षणी स्टोअरचा नरसय्या टाइपरायटरवर कोपर टेकून उभा राहिला. हातात कागद. “सायेब, दोनच मिनिटं की! लई अर्जंट हाय.”

“मला वेळ नाही!” मी ओरडलो. मी ऑफिसात कधी ओरडत नसे. “आज नवमी आहे, माझ्या घरी बसायला सवाष्ण नाही, आणि तुम्हा लोकांना...”

नरसय्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “मग तोंड उघडायचं की, सायेब! रोज आमचं इंग्रजी लिवता, आज आमचं मराठी ऐका. माझी लक्ष्मी हाय की घरात.” मग तो जरा अडखळला. “पण आमी विणकर माणसं. तुमच्या गुरुजींना चालंल का?”

“कुमुद माझी बायको होती,” मी म्हणालो. “मला चालेल.”

तो सायकल काढून साखर पेठेत घरी गेला. शिंद्यांनी माझ्या हातातली पत्रे ओढून घेतली. “टपालाचं मी बघतो, निघा तुम्ही.”

लक्ष्मी वेळेवर आली, नव्या हिरव्या बांगड्या भरून. घरात तेलुगू बोलणारी ती बाई मराठी अगदी जपून बोलत होती. गुरुजींनी तिचे घराणे विचारले, मी सांगितले. ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनी विधी सुरू केला.

ती सावकाश, मनापासून जेवली. ओटी भरून घेताना साडीवर हात फिरवून म्हणाली, “रंग छान हाय, दादा.” मला मान वर करता आली नाही...

श्राद्धाच्या घरून निघताना आपल्याकडे ‘येते’ म्हणत नाहीत, मुकाट्याने निघतात. लक्ष्मीच्या ते ध्यानात नसावे. उंबरठ्यावर वळून ती सहजपणे म्हणाली, “येते हं, दादा.” गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. मी मात्र, कसे कोण जाणे, “या” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कळले की शिंद्यांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ती पत्रे एकाच पाकिटात घालून पाठवली होती. ते निस्तरण्यात माझा आठवडा गेला. तरीही गोडाऊनमधली खुर्ची मी परत आणून ठेवली. नरसय्या तिच्यावर दोन मिनिटांसाठी बसला आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत उठला नाही.

मी सोलापुरात होतो तोवर दर नवमीला लक्ष्मी आली. कुमुदचे पान कधीही रिकामे राहिले नाही, याबद्दल मी त्या घराचा आजन्म ऋणी आहे... मात्र दर नवमीला तिच्या मागोमाग नरसय्याही येत असे, आणि त्याच्या खिशात घडी घातलेला एक कागद असे.