उभ्या गाडीचा पट्टा

इसहाकचाचांची गाडी टेम्पोला दोरखंडाने बांधून आमच्या शेडमध्ये आली, तेव्हा मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून जेवायला बसणार होते. म्हसळ्याच्या स्टँडपलीकडे आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, ते मी बघते. त्याला लागून पत्र्याची शेड आहे, ती माझा नवरा सुजित बघतो. त्या दिवसांत तो खरोखरच नुसता बघत होता. मोटारसायकलवरून घसरून त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला होता, आणि हात बंद पडला की त्याचं तोंड दुप्पट चालतं. गाड्या घेऊन आलेल्या माणसांना परत पाठवून पाठवून मी कंटाळून गेले होते. म्हटलं, आला आणखी एक.

गाडीतून चाचा उतरले आणि दुसऱ्या बाजूने शहरबानूचाची. चाचा दिघीच्या रस्त्यावरच्या गावातले. जन्मभर मस्कतला गॅरेजमध्ये मिस्त्री होते, वर्षातून दोन महिने घरी. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ. घर मोठं, दारात गाडी, गाडीवर ताडपत्री आणि घरचा माणूस समुद्रापलीकडे. तो आला की ताडपत्री निघते, गाडी लग्नांना, दवाखान्यांना, बाजाराला धावते. तो गेला की परत झाकली जाते. खाऱ्या हवेत गाडी चालून जितकी झिजत नाही तितकी उभी राहून सडते. आमचं दुकान अर्धंअधिक या उभ्या गाड्यांवर चालतं, त्यामुळे मी तक्रार करू नये.

गेल्या वर्षी चाचा कायमचे परत आले होते. आले खरे, पण रुजले नाहीत. मुलगी जवेरिया पनवेलला दिलेली, तिचं तिचं चाललेलं. घरात यांना काही काम नाही. "अजून मला सुट्टीवर आल्यासारखं जेवायला वाढतात," असं ते एकदा सुजितला म्हणाले होते. "रोज मटण, रोज सांदण. वरण-भात मागायचा म्हटलं तरी माझ्या तोंडून निघत न्हाय." तेवढ्यात मस्कतहून त्यांच्या जुन्या अरबाबचा, म्हणजे मालकाचा फोन आला. परत ये, हाताने काही करू नको, नुसती पोरांवर नजर ठेव. चाचांनी मनातल्या मनात होकार दिलाच होता. जायचं तर गाडी काढून टाकायची. गोरेगावकडच्या रावजी नावाच्या भातशेतीवाल्या गृहस्थाने फोनवर तयारी दाखवली होती, त्यालाच दाखवायला ते निघाले होते. चाची सोबत का निघाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी पण येते म्हणाल्या आणि बसल्या.

"काय झालं, चाचा?" सुजितने विचारलं.

"चढावर बंद पडली. झटका न्हाय, आवाज न्हाय. समोरचे लाल दिवे लागले आन् मेली."

सुजितने मला चावी फिरवायला सांगितलं. स्टार्टर फिरला, पण भलताच हलका. दाणे न घालता जातं फिरवावं तसा. चांगलं इंजिन सुरू होताना जरा कण्हतं, दम लावतं. हे नुसतं गरागरा फिरत होतं. इतकी वर्षं या शेडच्या बाजूला काढल्यावर मलाही तो आवाज कळतो. सुजितने तोंड मिटलं, यावरून काय ते समजावं.

"ऑइलचं झाकण काढा," तो चाचांना म्हणाला. झाकण काढलं की त्या भोकातून इंजिनाच्या वरच्या दांड्याचा तुकडा दिसतो. मी परत चावी मारली. दोघं डोक्याला डोकं लावून आत बघत होते.

"खाली फिरतंय, वर फिरत न्हाय," चाचा म्हणाले आणि सरळ झाले. "पट्टा गेला."

पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. आतून दाते असलेला रबराचा पट्टा, इंजिनाच्या एका अंगाला झाकणाखाली लपलेला. खालचं फिरणं तो वर पोचवतो, म्हणून वरचे व्हॉल्व वेळेवर उघडतात आणि वेळेवर मिटतात. तो तुटला की वरचं सगळं आहे तिथे थांबतं, आणि खालून पिस्टन येऊन उघड्या राहिलेल्या व्हॉल्ववर आदळतात. वस्तू हातभराची, पण गेली की इंजिन उघडावं लागतं.

सुजितचा हात चालत नव्हता, म्हणून चाचांनीच शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर कामाला लागले. बाजूचं झाकण निघालं. आत पट्ट्याच्या चिंध्या होत्या. दाते झडून काळा भुगा तळाशी साठला होता, आणि उरलेल्या रबराला कोरड्या टाचेसारख्या भेगा.

"हे कसं झालं?" चाचांना पटेना. "मीटर बघ. किती थोडी चाललीय गाडी."

"पट्ट्याला मीटर कळत न्हाय, चाचा. त्याला वय कळतं," सुजित म्हणाला.

"तू मला शिकवतोस? आख्ख्या मस्कतचे पट्टे बदललेत मी. वर्षंपण धरलीत."

"कशी धरलीत?"

चाचा बोटांवर मोजायला लागले. ह्या सुट्टीचे दोन महिने, त्या सुट्टीचे दोन महिने, मधे एकदा भावाच्या मय्यतीला आलो ते थोडे दिवस, आणि कायमचा आल्यापासूनचे हे महिने. मोजत मोजत पट्ट्याचं वय त्यांनी अंगणवाडीतल्या पोराएवढं काढलं. सुजितने माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं, खरंच सांगते. दमलेल्या माणसाला कशाचंही हसू येतं. उभा जन्म गाड्या दुरुस्त करणारा माणूस, गिऱ्हाइकांना तारीख-वार सांगून पट्टे बदलायला लावणारा, आणि स्वतःच्या गाडीचं वय काढताना त्याने फक्त स्वतः इथे होता ते महिने धरले होते. मधली सगळी वर्षं त्याच्या हिशेबी घडलीच नव्हती.

माझं हसू बघून चाचांची बोटं थांबली. मग त्यांच्याही लक्षात आलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते तिथेच पडलेल्या टायरवर बसले.

"तिकडं असताना इकडचं सगळं जसं सोडून गेलो तसंच असतं, डोक्यात," ते म्हणाले. "ताडपत्रीखाली झाकल्यासारखं."

"आन् जुम्मे धरले का?"

हे चाची बोलल्या. इतका वेळ दुकानाच्या दारातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या.

"कसले जुम्मे?"

"तुमीच फोनवर सांगायचेत. जुम्म्याला गाडी चालू करून ठेव, बॅटरी उतरते. मी करायची. दर जुम्म्याला."

"ते अर्धा तास."

"अर्ध्या तासात काय होतंय? मी बसायची. कधी असरची बांग व्हयस्तवर बसायची. उन्हाळ्यात एसी लावून बसायची. सासू होती, नणंदा होत्या, त्यांची पोरं होती, घरात मला कुठं जागा होती बसायला?"

सुजितने सावकाश मान हलवली. गाडी जागची हलली नाही म्हणून मीटर हलला नाही, पण इंजिन चालत होतं, पट्टा फिरत होता. चाचांनी पाना उचलला. पान्याला लागलेलं ग्रीस पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

पुढे काही दिवस ते काम चाललं. चाचांनी इंजिनाचं डोकं उतरवलं. मी खालून धरायला होते, आणि सुजित वरून हुकूम सोडायला. व्हॉल्व वाकलेले होतेच. ते माणगावच्या लेथवाल्याकडे गेले, तिथे पडून राहिले, मग आले. पट्टा, तो ताणून धरणारी पुली आणि पाण्याचा पंप मी मागवून दिला, कारण पंप गळत होता आणि एवढं उघडल्यावर तो तसाच ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. चाचांचे गुडघे गेलेले. वाकले की उठायला गाडीचा आधार घ्यायचे. चष्मा घामाने घसरायचा. मस्कतला यांनी हे काम इतकी वर्षं कसं केलं असेल, तेही तिथल्या उन्हात, असं मनात यायचं आणि जीव तुटायचा. हे कधी कोणी त्यांना विचारलं नसणार. ते येणार ते अत्तर लावून, इस्त्रीचे कपडे घालून. त्यांना बनियनवर, कोपरापर्यंत काळं झालेलं चाचींनीही या शेडमध्येच पहिल्यांदा बघितलं.

कारण चाची रोज यायच्या. वडापच्या, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या गाडीतून दोघं उतरायचे, त्या डबा घेऊन स्टुलावर बसायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमी तिकडं असंच जेवायचेत का, जमिनीवर बसून? चाचा हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी डब्यात वरण-भात होता. चाचांनी डबा पुसून खाल्ला.

मधे मधे अरबाबचा फोन यायचा. चाचा अरबीत आणि हिंदीत बोलायचे, मान हलवायचे. आता गाडीचं काम झालं की येतो, असं म्हणायचे. चाची तेव्हा रस्त्याकडे बघायच्या. एकदा मला राहवलं नाही.

"चाची, जाऊ नका असं स्पष्ट सांगा ना."

"मी काय सांगू? मर्दाचं काम हाय. त्यांचं ते बघतील."

मला संताप आला. आमच्या घरात सुजित स्वतःचा टॉवेल कुठे आहे तेही मला विचारतो, आणि इथे एक माणूस उरलेलं आयुष्य उचलून समुद्रापार न्यायला निघालाय आणि त्याची बायको रस्त्यावरच्या गाड्या मोजतेय. पण दुसऱ्याच्या घरात किती बोलायचं? मी गल्ल्यावर जाऊन बसले.

पट्टा चढवायचा दिवस आला. वरच्या चक्रावर एक खूण असते, खालच्या चक्रावर एक. दोन्ही आपापल्या जागी असताना पट्टा बसवायचा, मग पाना लावून हाताने इंजिनाचे पुरते फेरे द्यायचे आणि खुणा परत जुळतात का बघायचं. चाचांनी फेरे दिले. पट्टा एक दात सरकला होता. सुजित म्हणाला, एका दाताने काही बिघडत नाही, चालवा. त्याला घाई नव्हती, पण मला वाटतं त्याला चाचांची दया आली. चाचांनी ऐकलं नाही. पट्टा पुन्हा सैल केला, काढला, पुन्हा खुणा लावल्या. या वेळी जुळल्या. चावी मारली आणि गाडी सुरू झाली. चांगली सुरू झाली. चाचांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं, तिथे नुसता थकवा होता.

रावजी त्याच दुपारी आले. साधा, सभ्य माणूस. सुनेला माणगावला नोकरी लागली होती, तिच्यासाठी गाडी हवी होती. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, चालू इंजिनाला कान लावला.

"किती चाललीय म्हणायची?"

चाचांनी मीटरकडे बघितलं. "मीटरवर हाय ते खरं न्हाय," ते म्हणाले. "किती चालली ते मला ठाऊक न्हाय. हिला असेल."

रावजी गोंधळून चाचींकडे वळले. चाची स्टुलावरून उठल्या. गाडीच्या उघड्या खिडकीतून आत हात घातला, इंजिन बंद केलं आणि चावी काढून मुठीत धरली.

"ही द्यायची न्हाय."

"अहो, फोनवर तर ठरलं होतं," रावजी म्हणाले.

"ह्यांनी ठरवलं व्हतं." मग त्या चाचांकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "गाडी द्यायची न्हाय आन् तुमी पण जायचं न्हाय. मी थकलेय आता."

चाचांनी घसरलेला चष्मा वर सारला.

"मग आधी का न्हाय बोललीस?" चाचांनी विचारलं. "इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"बोलायची की. दर जुम्म्याला बोलायची. काच वर करून, गाडीत बसून. बाजूची सीट तुमची समजून."

"काय बोलायचीस?"

"हेच. जाऊ नका. दुसरं काय बोलणार?"

चाचा गाडीला टेकले. बनियनचा गळा ओढून त्यांनी डोळे पुसले, आणि तिथलं ग्रीस गालाला लागलं. मग रावजींना म्हणाले, "माफ करा. तुमचा फेरा फुकट गेला. गाडी माझी न्हाय, हिची हाय."

रावजींनी मान डोलावली. मी त्यांना दुकानात बसवलं, चहा सांगितला. परत शेडच्या दारात आले तेव्हा चाचांनी मस्कतला फोन लावला होता. पलीकडे रिंग जात होती, आणि ते चाचींना विचारत होते, "काय सांगू त्याला?"